मोसंबीखालची चवळी

"मन रिकामं कसं करायचं, बाबा?"

लतीफबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निवृत्ती आघाव. रस्त्याच्या कामांचा मोठा ठेकेदार. पन्नाशीत धंदा मुलांवर सोपवून तो गुरू शोधत फिरत होता. चहा सोडला होता, वर्तमानपत्र सोडलं होतं, लग्नकार्याला जाणं सोडलं होतं. हे सगळं त्याने बसल्याबसल्या सांगून टाकलं.

"एवढं सोडलं, तरी डोळे मिटले की आत गर्दीच," तो म्हणाला. "मला आत काहीच नको. एकदम मोकळं पाहिजे."

बाबांनी दर्ग्यामागच्या बागेकडे बोट दाखवलं. उताराची जमीन, मोसंबीच्या ओळी, ओळींच्या मधे गुडघाभर गवत.

"शेवटच्या दोन ओळींमधला पट्टा आधी मोकळा कर."

निवृत्ती दर्ग्यातच राहिला. स्वतः खुरपं घेऊन बसला. तळहाताला फोड आले, पण गवताची काडी उरू दिली नाही. अंगण झाडावं तशी ती काळी जमीन त्याने बाबांना नेऊन दाखवली.

"हं," बाबा म्हणाले. "आता अशीच ठेव."

आषाढ चालू होता. हिरवी टोकं वर आली. त्याने खुरपली. पुन्हा आली. पुन्हा खुरपली...

मग एका दुपारी असा पाऊस कोसळला की उघड्या मातीतून ओघळ धावू लागले. निवृत्ती भिजत पाहत राहिला. गढूळ पाणी नाल्याकडे चाललं होतं. मोसंबीची बारीक मुळं उघडी पडत होती. शेजारच्या गवताळ पट्ट्यातून मात्र पाणी नितळ उतरत होतं.

चिखलाच्या पायांनी तो बाबांसमोर उभा राहिला.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं मी. माती वाहून गेली, बाबा. झाडं जातील."

"नाही जाणार. चल."

पाऊस ओसरल्यावर दोघांनी मिळून मुळांवर माती ओढली. म्हाताऱ्याला धाप लागली, तरी तो थांबला नाही. माती जरा सुकून वाफसा आल्यावर बाबांनी चवळीचं बी आणलं आणि निवृत्तीच्या ओंजळीत ओतलं.

"पेर."

"म्हणजे पुन्हा काहीतरी उगवायचंच?" निवृत्ती चिडला. "आणि ही झाडाच्या तोंडचं पाणी नाही पिणार?"

"पिईल थोडं."

"मग?"

"मातीला ऊन लागू देणार नाही, वाहूही देणार नाही."

भादव्यापर्यंत चवळीने पट्टा झाकून टाकला. निवृत्ती सवयीने तण शोधायला जाई. पानं बाजूला सारी. खाली कुठे एखादी फिकट काडी, बस्. माती गार, मऊ, गांडुळांनी भुसभुशीत केलेली. पुढे जोराचा पाऊस झाला, तेव्हा त्या पट्ट्यातलं पाणी जागच्या जागी मुरत गेलं. त्या दिवशी तो तिथेच बघत बसला; त्याला जेवायला हाका माराव्या लागल्या.

चवळी फुलावर आली आणि बाबा विळा घेऊन पट्ट्यात उतरले.

"बाबा, थांबा!" निवृत्ती धावत आला. "अजून शेंगा धरायच्यात."

"शेंगांसाठी नव्हती पेरली."

बाबांनी वेल कापले आणि तिथल्या तिथेच पसरले. निवृत्तीला ते बघवेना. तरी तो खाली बसला आणि वेल पसरू लागला.

"हे कुजून गेल्यावर?"

"दुसरं पेरू."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतरही."

निवृत्ती वेल पसरत विळ्यामागून पुढे सरकला.

"बाबा, मी उगीच खुरपत बसलो होतो," निवृत्ती हळूच म्हणाला. "मला काहीतरी द्या आत पेरायला. एखादं नाव द्या. मी अखंड घेईन. झोपेतसुद्धा सोडणार नाही."

बाबांचा विळा थांबला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुझ्या गल्लीत एकटं कोण जेवतं रे? घरी जा, त्याच्यासोबत जेवायला बस, तेच पेर."