जावईबापू ट्रेलर मागे घेतात

तांबडवाडीत गुणवंत ढोबळे नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. गुणवंत हे नाव आईबापांनी ठेवलं होतं, त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. बी-बियाण्यांच्या दुकानात तो कामाला होता. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मालक एकदा म्हणाले, "मी जेवून येतो, दुकानावर नजर ठेव." हा समोरच्या पारावर जाऊन बसला आणि दुकानाकडे बघत राहिला. गिऱ्हाइकं आली, हाका मारून मारून निघून गेली. याने नजर काही हलवली नाही.

त्याची बायको शालन. शहाणी बाई. तिला उभ्या जन्मात एकच हौस होती, समुद्र बघायची. तांबडवाडीला पाणी टँकरने यायचं, तेही दिवसाआड. चौतीस वर्षांची झाली तरी एका नजरेत मावणार नाही एवढं पाणी तिने पाहिलं नव्हतं.

शालनचे वडील अण्णा. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एक ट्रेलर घेतला, जीपच्या मागे जोडायचा. अर्धा पत्र्याचा, अर्धा कापडाचा. खाली टणक डबा. बाजूचे खण बाहेर ओढले की पलंग तयार, आणि हँडल फिरवलं की छप्पर वर उठून कापडाच्या भिंती उभ्या राहायच्या. वर्षभर तो अंगणात ताडपत्रीखाली उभा होता. अण्णा त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेले नव्हते. मात्र मोबाईलवर बघून बघून त्यांनी सहलीच्या सूचनांची एक वही भरली होती. एकशे बारा सूचना. सूचना नीट पाळल्या की सहल आपोआप होते, असं अण्णांचं मत होतं.

"हा हायब्रीड आहे, जावईबापू," अण्णा म्हणाले.

गुणवंताने ट्रेलरभोवती एक फेरी मारली. "मग याचं बी पुढच्या वर्षी धरता येणार नाही, अण्णा."

अण्णांनी ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. जावयाबद्दल त्यांचा एक अंदाज होता आणि तो लग्नाच्या मांडवापासून बदललेला नव्हता.

शालनने धीर करून विचारलं, "अण्णा, दिवाळीत हा ट्रेलर आम्हाला द्याल? समुद्रावर जायचंय."

"आधी दोन दिवस धरणावर जाऊन बघू," अण्णा म्हणाले. "जावईबापूंनी ट्रेलर नीट सांभाळला तर दिवाळीत खुशाल न्या. नाहीतर समुद्राचं नाव काढायचं नाही."

शालनने नवऱ्याला समोर बसवलं. "अहो, एवढं माझ्यासाठी करा. अण्णा सांगतील तस्संच करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

"कधी चालवलंय?" गुणवंत म्हणाला.

खरंच होतं ते. पण बायकोवर त्याचा जीव होता. तिला समुद्र दाखवायचाच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

सामान भरायच्या दिवशी अण्णांनी वही उघडली. "सूचना पहिली. जड सामान खाली, हलकं वर."

"बरं. लक्षात ठेवतो," गुणवंत म्हणाला. आणि ठेवलं. दुकानातला काटा आणून त्याने एकेक वस्तू तोलली. पिठाचा डबा खाली, पाण्याचे कॅन खाली. अंड्यांचा ट्रे भरला दोन किलो, पितळी पातेलं भरलं पावणेदोन. म्हणून अंडी खाली, पातेलं वर. धरणावर पोचून दार उघडलं, तर पिवळा ओघळ पायरीवरून खाली येत होता.

शालनने कपाळाला हात लावला. "अहो, नाजूक वस्तू प्रवासात मांडीवर घेऊन बसायचं असतं."

"बरं. लक्षात ठेवतो."

तेवढ्यात अण्णा कण्हत जीपमधून उतरले. "हळू गं शालन, हात दे. माझी कंबर फार नाजूक झालीय."

गुणवंत तिथल्या तिथे खाली बसला, मांडी घातली आणि थोपटली. "या अण्णा."

अण्णा आले नाहीत. गुणवंताची सात वर्षांची लेक रेणू मात्र हसत सुटली, आणि आजोबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती बाभळीमागे जाऊन हसली.

जागा छान होती. पुढे पाणी, मागे माळ, मधे थोडा उतार. अण्णांनी खुर्ची मांडली. कामं सगळ्यांनी वाटून घ्यावीत अशी वहीत सूचना होती, त्याप्रमाणे सांगण्याचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं होतं. "जावईबापू, ट्रेलर जीपपासून सोडवा."

गुणवंताने सोडवला. ट्रेलर उतारावरून निघाला तो थेट चिखलात जाऊन रुतला. चिखल होता म्हणून बरं, नाहीतर पुढे पाणीच होतं. तिघांनी मिळून तो वर ओढला. अण्णा खुर्चीतून जोर लावत होते.

"ओरखडा नाही, म्हणून सोडतो," अण्णा म्हणाले. "जावईबापू, चाक थांबलं की पहिलं काम काय? चाकाच्या पुढे-मागे दगड लावायचे. मग बाकीचं."

"बरं. लक्षात ठेवतो." आणि ठेवलं.

थोड्या वेळाने वस्तीवरचा लहानू गवळी सायकलवरून आला. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. शालन भांडं आणायला आत गेली. लहानू पाय टेकून उभा. चाक थांबलेलं. गुणवंताने दोन मोठाले दगड उचलले आणि पुढच्या चाकाला एक पुढून, एक मागून असे नीट बसवले. लहानूला वाटलं, पाहुणे मंडळी सायकल पडू नये म्हणून काळजी घेताहेत. त्याने लिटरभर दूध मोजून दिलं, "येतो मालक" म्हणाला आणि पायडलवर जोर दिला.

सायकल गेली नाही. लहानू गेला, हँडलवरून पलीकडे. किटल्या त्याच्यामागून गेल्या.

लहानू उठला. अंगभर दूध. बोलायला लागला तेव्हा शालनने रेणूच्या कानांवर हात ठेवले. त्याच्या बोलण्यातलं घरात सांगण्यासारखं वाक्य एकच होतं. "शहाण्या, माणूस निघणार असेल तर त्याच्या आधी दगड काढायचे असतात."

"बरं," गुणवंत म्हणाला. "लक्षात ठेवतो."

संध्याकाळी शालन स्वयंपाकाला लागली. निसर्गात गेल्यावर गॅस वापरू नये, चूल मांडावी, अशी अण्णांची सदतिसावी सूचना होती. म्हणजे घरी गॅस होता, आणि सुट्टीत बाईच्या वाट्याला धूर आला. तीन दगडांची चूल, वर भाताचं पातेलं. शालन डोळे पुसत फुंकत होती. भात शिजला. "झाला बाई एकदाचा," ती म्हणाली, "निघतोय आता भात."

निघतोय, हे ऐकल्याबरोबर गुणवंत धावला आणि त्याने फडक्याने धरून तिन्ही दगड एकापाठोपाठ बाजूला काढले. भात निखाऱ्यांत, पातेलं गडगडत पाण्याकडे.

शालनने पातेलं उचलून आणलं. मग समजुतीने म्हणाली, "अहो, आधी वरचं उतरवायचं, मग खालचं काढायचं. कळलं का?"

"बरं. लक्षात ठेवतो."

सगळ्यांनी दुधात पोहे कालवून खाल्ले. अण्णांनी वहीत पाहिलं. भात सांडला तर काय करावं याची सूचना एकशे बारात नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून ढग आले. अण्णा पोह्यांवर पोहे खाऊन ट्रेलरमध्ये आडवे झाले होते. शालन आणि रेणू पाण्यावर भांडी घासत होत्या. शालनने तिथून हाक मारली, "अहो, आभाळ आलंय. ट्रेलरचं आवरून घ्या."

आवरायचं कसं, हे गुणवंताला नेमकं पाठ होतं. आधी वरचं उतरवायचं, मग खालचं. वरचं म्हणजे छप्पर. खालचं म्हणजे अण्णा. त्याने हँडल घेतलं आणि फिरवायला लागला. छप्पर हळूहळू खाली येत गेलं. कापडाच्या भिंती दुमडल्या. आत अंधार झाला तशी अण्णांची झोप जास्तच लागली. मग हँडल अडकलं. गुणवंताने हातावर थुंकून जोर केला. हँडल अजून अर्धा वेढा फिरलं आणि आतून आवाज आला, "कोण बसलंय माझ्यावर?"

"कोणी नाही अण्णा, छप्पर आहे," गुणवंताने धीर दिला.

छप्पर अण्णांच्या पोटावर येऊन थांबलं होतं. शालन ओल्या हातांनी धावत आली, हँडल उलट फिरवलं, तेव्हा कुठे अण्णा बाहेर आले. केस उभे, बंडी वर चढलेली. ढग तर तोवर निघूनही गेले होते.

"गाठोडं बांधा," अण्णा म्हणाले. "सहल संपली. समुद्राचा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही, शालन. या माणसाच्या हातात मी ट्रेलर देणार? ढकलगाडीसुद्धा देणार नाही."

शालनने मान खाली घातली. पायाशी मातीवर पाण्याचे थेंब पडले ते काही ढगातले नव्हते. गुणवंताने ते पाहिलं. एवढं सगळं सांगितलं तसंच केलं होतं. तरी समुद्र लांबच जात होता. चूक कुठे झाली, हे त्याला अजूनही कळलं नव्हतं.

"अण्णा," तो हात जोडून म्हणाला, "एक शेवटचं काम सांगा. तुम्ही म्हणाल तस्सं करतो. चुकलो तर मी स्वतःच समुद्राचं नाव घेणार नाही."

शालन म्हणाली, "द्या ना अण्णा, एकदा."

लेकीच्या डोळ्यांकडे बघून अण्णा विरघळले. शिवाय एक काम बाकी होतंच, आणि ते सांगायची त्यांना वर्षभर घाई झाली होती. चिखलातून वर ओढल्यावर ट्रेलर पुन्हा जीपला जोडून ठेवला होता, पण तोंड भलतीकडे. रस्त्याला लागायचं तर ट्रेलर आधी पाण्याच्या बाजूला चार हात मागे घ्यायचा, मग वळवून पुढे काढायचा. वहीतली शंभरावी सूचना. अण्णांनी तिच्याखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या.

"नीट ऐका, जावईबापू. ट्रेलर मागे घेणं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. तो आपल्या मनाच्या विरुद्ध चालतो. डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे. उजवीकडे न्यायचा तर डावीकडे. रिव्हर्स पडला की सगळं उलटं. काय?"

"रिव्हर्स पडला की सगळं उलटं."

"पुन्हा म्हणा."

"सगळं उलटं."

"हे साधलं, तर दिवाळीत समुद्र. माझा शब्द."

शालन रेणूला घेऊन बाभळीखाली उभी राहिली. अण्णा ट्रेलरच्या मागे, पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. गुणवंत जीपमध्ये बसला. देवाचं नाव घेतलं. रिव्हर्स टाकला. आता सगळं उलटं.

अण्णांनी हात हलवला. "येऊ द्या."

गुणवंताने ब्रेक दाबला.

"येऊ द्या, येऊ द्या."

त्याने हँडब्रेकही ओढला.

"अहो, या की मागे. घाबरता कशाला?"

गुणवंत दगडासारखा बसून राहिला. आपण किती बरोबर करतोय, याचा त्याला आनंद झाला. आरशात अण्णांचे हात वाऱ्यावर हलत होते आणि तो जागचा हलत नव्हता.

अण्णांचा पारा चढला. "मग थांबा तिथेच जन्मभर."

गुणवंताने हँडब्रेक सोडला. ट्रेलर मागे निघाला.

"हां," अण्णांना बरं वाटलं. ट्रेलर छान सरळ आला. चार हात झाले. "बास. थांबा."

गुणवंताने ॲक्सिलरेटर दाबला.

"थांबा, थांबा, थांबा."

तीनदा सांगितलं म्हणून त्याने तिप्पट दाबला. अण्णा मागे सरकले. घोट्यापर्यंत पाण्यात गेले. "अहो, हळू." ट्रेलर आणखी जोरात आला. अण्णा गुडघ्यापर्यंत गेले. बाभळीखालून शालन ओरडली, "अहो, पुढे घ्या." तेवढ्याने ट्रेलर आणखीच मागे निघाला. अण्णा बाजूला झाले म्हणून वाचले. ट्रेलर त्यांच्या शेजारून ऐटीत पाण्यात उतरला. पत्र्याचा डबा आधी तरंगला, मग एका अंगाला कलला आणि कापडातून गुळगुळ आवाज काढत बसला. जीपची मागची चाकं बुडाली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

पाण्यावर एकशे बारा सूचनांची वही पानं पसरून चालली होती.

अण्णा कंबरभर पाण्यात उभे होते. त्यांनी आधी वहीचं एक पान पकडायला हात मारला. मग ओरडले, ते पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं. "बघून ठेवा, जावईबापू. हा ट्रेलर तुम्हाला या जन्मात मिळणार नाही. दिवाळीत नाही, कधीच नाही. समुद्र तुम्ही विसरा."

गुणवंताने गिअरकडे पाहिलं. गिअर अजून रिव्हर्समध्येच होता.

त्याचा चेहरा उजळला. खिडकीतून मान बाहेर काढून तो बायकोला म्हणाला, "शालन, ऐकलंस ना? बॅगा भरायला घे. दिवाळीचं पक्कं झालं."