एकाच मापाच्या बांगड्या

फार जुन्या काळी, डोंगरापलीकडच्या एका गावात एक कासार राहत होता. बाईचा हात नुसता पाहून तो बांगडीचं माप सांगायचा. त्याला दोन बायका होत्या. त्या मुलखात तशी रीतच होती आणि कासाराला तिचा भारी तोरा. "माझ्या घरी डावं-उजवं नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. लुगडी एका ठाणातली, बांगड्या एकाच मापाच्या.

आता स्वारीला तिसरी करायची होती. त्यासाठी पाहिलेल्या मुलीची आत्या घर पाहायला आली. कासाराने तिच्या हाताकडे पाहून माप सांगितलं, ते बरोबर निघालं. आत्या खूश झाली.

मग थोरली गूळपाणी घेऊन आली आणि धाकटी पानाचं तबक. आत्याचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. थोरलीच्या मनगटात बांगड्या रुतून काळे वळ पडले होते. धाकटीच्या इतक्या सैल, की गळू नयेत म्हणून तिने त्या दोऱ्याने बांधल्या होत्या.

"कासारदादा, यांची मापं कुणी घेतली?"

"मापं कशाला? सारख्याच आणतो आणि दोघींपुढे ठेवतो. भेदभाव नको."

"गावाचे हात ओळखता, घरातले नाही?" आत्या उठली. "आमची मुलगी इथे द्यायची नाही."

कासाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला आठवलं, थोरली एकदा म्हणाली होती, "जरा घट्ट होतात." त्यावर तो म्हणाला होता, "मोठ्या दिल्या तर धाकटीला वाटेल, तुला जास्त काच दिली." तेव्हा आपल्या न्यायाचं त्याला कौतुक वाटलं होतं. आता त्याच बोलण्याची लाज वाटली.

तेलाची वाटी घेऊन तो थोरलीसमोर बसला आणि हळूहळू बांगड्या उतरवू लागला.

"फार दुखतं का?" त्याने विचारलं.

"दुसरी बायको आणायचं ठरवलंत, तेव्हा विचारायचं होतं," ती म्हणाली.

दारात उभी असलेली धाकटी हळूच म्हणाली, "मलाही कुणी विचारलं नव्हतं."

कासाराला मान वर करवेना. तिसरीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण या दोघींची गेलेली वर्षं परत देणं त्याच्या हातात नव्हतं.

तात्पर्य: सगळ्यांना सारखं दिलं म्हणजे न्याय होत नाही, जिचं मन कधी विचारलंच नाही, तिच्यावर अन्याय आधीच झालेला असतो.