जिवबाचं वारं

फार फार वर्षं झाली त्याला. तेव्हा शिरवेळच्या बंदरावर दीपस्तंभ नव्हता, धक्का नव्हता. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली जे काळे खडप दबा धरून बसलेत, ते मात्र आज आहेत तसेच तेव्हाही होते. त्या काळी या गावात जिवबा नावाचा एक भंडारी राहत होता.

जिवबा माडावर चढून माडी काढायचा. तो त्याचा धंदा. पण त्याचा जीव होता वावडीत. वावडी म्हणजे पतंगच, पण उभ्या माणसाएवढा. बांबूच्या कामट्यांचा, जुन्या धोतराला खळ लावून मढवलेला. तिच्या माथ्यावर जिवबा एक धनुकली बांधायचा आणि त्या धनुकलीवर वेताची पातळ साल ताणायचा. वावडी वर चढली की ती साल वाऱ्यात घुमायला लागायची. असं म्हणतात, की जिवबाची वावडी घुमू लागली की खाडीपलीकडच्या गाई चरायच्या थांबून माना वर करायच्या.

भातं झोडून झाली की संध्याकाळी सड्यावर, गावावरच्या सपाट कातळावर, त्याच्याभोवती माणसं जमत. भागो कुंभार यायचा, तेली यायचा, न्हावी यायचा, देवळातला गुरव घंटा वाजवून झाली की धावत यायचा. पोटापाण्याचं त्यात काही नव्हतं. नुसती हौस. पण जिवबा शिकवायला लागला की ही मोठी बाप्ये माणसं शाळेतल्या पोरांसारखी गप्प बसायची. त्यांच्यात बाई एकच होती, दुर्गी खारवीण. ती जाळी विणायची आणि वावडीसाठी तागाची दोरी वळायची. बाईमाणसाला कसली ही हौस, असं गाव म्हणायचं. जिवबाने तिची पहिली दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सोडली आणि बाकीच्यांना सांगितलं, की आजपासून हिचीच दोरी. त्या दिवसापासून दुर्गीला तो बापाच्या जागी होता.

एका संध्याकाळी वावडी उंच गेलेली होती आणि जिवबाच्या उजव्या हातातली दोरी सुटली. सगळे हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मग त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा गुडघा वाकला आणि भागोने धरला नसता तर जिवबा कातळावर कोसळला असता. दोरी दगडांवरून सरसरत गेली. वावडी समुद्रावर निघून गेली ती कुणाला परत दिसली नाही.

आपल्याकडे या दुखण्याला अंगावरून वारं गेलं असं म्हणतात. शिरवेळने तो शब्द खराच धरला. ज्याने जन्मभर वाऱ्याला दोरी बांधली, त्याच्यावर वाऱ्याने सूड घेतला, असं माणसं बोलू लागली. आता जो वावडी उडवील त्याचा नंबर पुढचा. जो त्याच्या घरात पाऊल टाकील त्याचाही. सड्यावरची बैठक मोडली. तेली वाट बदलून जाऊ लागला. दुर्गीच्या सासूने तर तिला उंबऱ्यातच अडवलं. माझे दोन मुलगे दर्यावर जातात, म्हणाली, त्यांचा जीव वाऱ्याच्या हातात आहे, तू वाऱ्याला डिवचू नकोस.

दुर्गी काही दिवस घरात बसली. जाळं विणताना तिच्या गाठी चुकू लागल्या. मग एका सकाळी ती सासूच्या देखत उठली आणि जिवबाच्या घरी गेली.

जिवबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको सुभद्रा त्याला पेज भरवत होती आणि पेज ओठांच्या कोपऱ्यातून गळत होती. शब्द एकही फुटत नव्हता. नुसता श्वास घशात घरघरायचा. दुर्गी जवळ बसली, तागाचा पेड त्याच्या मेलेल्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं आपल्या बोटांत धरली आणि दोरी वळू लागली. जिवबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्याने डावा हात उचलला. दुखणं आल्यापासून त्याने आपणहून केलेली ती पहिली हालचाल, असं सुभद्रा पुढे सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुर्गी गेली तर अंगणाच्या बेड्याशी, फाटकापाशी, भागो घुटमळत होता. आत येईना आणि परतही जाईना.

"दारात वारो नाय, भागो," दुर्गी म्हणाली. "दारात तूच उभो आसस."

भागो आत आला. मग एकेक करून बाकीचे आले. प्रत्येकाच्या घरात त्यावरून भांडण झालं, पण आले. तेली उंडीचं तेल कोमट करून चोळायचा. न्हावी दाढी करता करता वाकडा गाल सरळ ओढून धरायचा. गुरवाला दुसरं काही येत नव्हतं, तो नुसता बोलत बसायचा, गावातलं खरं खोटं सगळं. भागो त्याच्यासमोर कामट्या तासायचा. कामटी जाड राहिली की जिवबा डाव्या हाताने जमिनीवर थाप मारायचा. भागोने तशा थापा किती खाल्ल्या त्याला सुमार नाही. पावसाळा गेला, भातं झोडून झाली. जिवबा माडाला टेकून अंगणात बसू लागला. त्याच्या थापांवर भागोची एक वावडी पुरी झाली आणि गोठ्यात टांगली गेली. ती उडवायचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. जिवबाजवळ बसायला आता ते भीत नव्हते. दोरी हातात घ्यायला भीत होते.

असा माघ उजाडला. एका पहाटे गावच्या होड्या दर्यावर गेल्या. एका होडीवर दुर्गीचा नवरा विठू होता आणि तिचा दीर होता. होड्या गेल्या आणि मागून धुकं उतरलं. असलं धुकं म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. सूर्य वर आला असावा, पण धुकं हटेना. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, बायका जमल्या. कुणी ताटं बडवली, कुणी शंख फुंकला. पण आवाज पुळणीमागच्या कड्यावर आपटून चहूकडून परत येई. समुद्रात असलेल्या माणसाला चारी बाजूंना शंखच ऐकू येणार. मग खडपांच्या अंगाने लाकूड घासल्याचा करकर आवाज आला, माणसांची आरोळी आली, आणि सगळं शांत झालं.

सासू दुर्गीकडे वळली. "भरला तुझा मन?" एवढंच ती म्हणाली.

दुर्गी पुळणीवरून पळत सुटली. कुठे जातेय हे तिला कळत नव्हतं. पाय तिला कड्यामागच्या उतरणीवरच्या जिवबाच्या अंगणात घेऊन गेले.

जिवबा त्याच्या माडाला टेकून बसला होता आणि तोंड वर करून धुक्यात बघत होता. तिची चाहूल लागताच त्याने डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. त्याचा जबडा हलू लागला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. "व..." एवढंच येत होतं. "व... व..." सुभद्रा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. त्याने तांब्या उडवून दिला. आणि मग त्याच्या तोंडून एक शब्द निघाला, पुरा, स्वच्छ.

"वर."

दुर्गीने श्वास रोखून ऐकलं. अंगणात पान हलत नव्हतं. पण वर, दिसत नव्हत्या तिथे, माडाच्या झावळ्या सळसळत होत्या. धुक्याच्या डोक्यावरून वारा वाहत होता. डोंगराकडून दर्याकडे जाणारा मतलई वारा. कड्यावर आपटून आवाज फसवतो, पण वरून आलेला आवाज कशावर आपटणार?

तिने हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. भागोने गोठ्यातून वावडी आणली आणि हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"खाली वारो नाय," तो म्हणाला. "वावडी चढतली कशी?"

जिवबाने माडाच्या खोडावर थाप मारली. मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. पुन्हा खोडावर, पुन्हा छातीवर. मला वर घ्या. सगळ्यांना कळलं. वावडी नेमकी केव्हा सोडायची ते एकट्या जिवबाला कळत होतं, हे खरं. पण अर्धं अंग मेलेला माणूस तेवढ्या उंच माडावर. एक गाठ सरकली तर संपलं.

सगळ्यांनी सुभद्रेकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती. बघता बघता तिने पदर खोचला.

"न्या," ती म्हणाली. "पण जसो नेतास तसो माका खाली आणून द्या."

भागो कुंभार खरा, पण माडावर चढायला जिवबानेच त्याला शिकवलं होतं. वारा कळायचा तर शेंड्यावर बसायला हवं, म्हणून. तो रहाटाचा दोर कमरेला बांधून चढला आणि दोर झावळ्यांच्या बुडख्यातून ओवून त्याने खाली सोडला. दुर्गीने नवं कोरं जाळं आणून त्याची झोळी केली. स्वतः गाठी मारल्या, स्वतः ओढून पाहिल्या. जिवबाला झोळीत बसवलं. तेल्याने, न्हाव्याने आणि गुरवाने दोर धरला आणि त्यांचा गुरू जमिनीपासून सुटून वर निघाला. खोडाच्या मध्यावर दोर हातभर सरकला. झोळी गचकन खाली आली, खोडावर आपटली. सुभद्रेने डोळे मिटून घेतले. गुरवाने दोर स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळला. मग झोळी पुन्हा चढू लागली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. तिच्या मागोमाग वावडी गेली.

खाली दुर्गी दोरी धरून उभी राहिली. तिला ना माड दिसत होता, ना जिवबा. जे काही कळायचं ते दोरीतून.

एकदा दोरी ताणली गेली आणि लगेच ढिली पडली. वावडी झावळीत अडकल्याचा आवाज आला. वरून भागोचं धापा टाकणं ऐकू येत होतं. सोडवली असावी. मग बराच वेळ काहीच झालं नाही. गुरव कुजबुजला, की आता सोडायला सांगा. दुर्गीने मानेनेच नाही म्हटलं. पुळणीवरून बायकांचं रडणं वर येत होतं, आणि वर जिवबा थांबून होता.

मग दोरी तिच्या हातातून सुटून धावली.

आधी मधमाशीएवढा आवाज आला. मग भुंग्याएवढा. मग साल पुरी बोलली आणि सगळं धुकं घुमायला लागलं. दोरी तळहातांची सालं काढत जात होती, पण दुर्गीने सोडली नाही. आवाज कड्यावरून पुढे सरकला, पुळणीवरून पुढे गेला. आणि खडपांपर्यंत जायच्या आत दोरी संपत आली. शेवटचे वेढे हातात उरले. दुर्गी ओरडली, की दोरी आणा, कुणाच्याही घरातून आणा.

धुक्यातून कुणीतरी चालत आलं. तिची सासू होती. तिच्या खांद्यावर नव्या जाळ्याच्या दोरीची वेटोळी होती. म्हातारीने सुनेच्या हातांकडे पाहिलं, दोरीचं टोक उचललं आणि खारव्यांची गाठ मारली, जी ओढली की घट्ट होते. मग तिनेही दोरी धरली.

समुद्रावर काय झालं ते विठूने पुढे कितीदा तरी सांगितलं. एक होडी खडपावर फुटली होती आणि तिची माणसं बाकीच्या होड्यांनी ओढून घेतली होती. कुठे वल्हवावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात डोक्यावरून घुमण्याचा आवाज आला. जिवबाची वावडी, एक म्हातारा म्हणाला, आणि खाली दोरी आहे, दोरी जिकडून येते तिकडे घर. आवाज लहान होत जाईल त्या बाजूला जाऊ नका, आवाजाखाली या आणि मग लाट जिकडे जाते तिकडे, कड्याकडे वळा. तशा होड्या एकामागून एक आत शिरल्या. माणूस एकही गेला नाही. कुणी म्हणतात, वावडीभोवतीचं धुकं जुन्या लुगड्यासारखं टरकन फाटलं आणि त्या फटीतून त्यांना बंदर दिसलं. कुणी म्हणतात, वावडी सोडायच्या क्षणी जिवबाचा उजवा हातही उठला होता. भागोला गावाने ते मरेपर्यंत विचारलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

जिवबाला खाली उतरवलं तेव्हा त्याचे ओठ गारठून निळे पडले होते. दुर्गीच्या सासूने त्याचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि ऊब येईपर्यंत चोळले. तिने माफी मागितली नाही आणि त्याने तिची वाटही पाहिली नाही. वावडी उतरवायला कुणाचे हात शाबूत नव्हते. दोरी माडाला बांधून ठेवली आणि समुद्राकडून खारा वारा सुटेपर्यंत वावडी एकटीच दर्यावर घुमत राहिली.

जिवबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. उजवा हात काही परतला नाही. शब्दही थोडेच आले, तेही रागावला म्हणजे. पण सड्यावरची बैठक पुन्हा भरली आणि त्याने डाव्या हाताने गावाच्या दोन पिढ्यांना वावडी शिकवली. वाऱ्याने सूड घेतला, हे पुन्हा कुणी बोललं नाही.

आता शिरवेळला दीपस्तंभ आहे. होड्यांना इंजिनं आहेत. तरी माघात एक दिवस सड्यावर जिवबाच्या नावाने वावडी चढते आणि तिची दोरी पहिल्यांदा खारव्यांच्या घरची सून धरते, डाव्या हाताने. आणि आणखी एक गोष्ट हे गाव करतं. शिरवेळात कुणाच्याही अंगावरून वारं गेलं, तो गरीब असो की सावकार, मित्र असो की वैरी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात माणसं येतात. बोलवावं लागत नाही. कुणी तेल आणतो, कुणी दाढी करतो, कुणी नुसता बोलत बसतो. वर्ष लागलं तर वर्षभर येतात. वाटेत कुणी विचारलं, की एवढ्या सकाळी कुठे निघालात, तर ते आजाऱ्याचं नाव घेत नाहीत.

"दोरी धरूक जातंव," म्हणतात, आणि चालू लागतात.