कोशातले घर

रानातले न्यायनिवाडे तोंडी चालत, तेव्हाची ही गोष्ट. तोंडी निवाड्यांत भांडणे फार होतात म्हणून प्राण्यांनी शब्दकोश करायचे ठरवले. काम बगळ्याकडे गेले, कारण तो तासन्‌तास गप्प उभा राही आणि त्यामुळे विद्वान दिसे. आपल्या झाडावरच्या सगळ्यांना विचारून त्याने कोश पुरा केला.

पुढे एकदा साळूबाई साळिंदर पिलांना घेऊन चरायला गेली असताना कोल्हा तिच्या बिळात शिरून बसला. ती पंच गव्याकडे गेली. गव्याने कोश उघडला. ‘घर : फांदीवर काड्यांनी बांधलेली राहण्याची जागा.’

“बाई, तुझं घर फांदीवर होतं का?”

“मला चढता येत नाही, गवेदादा. आणि तुमचं तरी कुठे आहे फांदीवर?”

“माझा विषय नाही. कोशाप्रमाणे ते घरच नाही, मग कोल्ह्याने घर बळकावलं असं कसं म्हणू?”

ती बगळ्याकडे गेली. “भाऊ, जमिनीखाली राहणाऱ्या कुणाला विचारलंत का?”

“सगळ्यांना विचारलं. जमिनीखालचं कुणी वर आलं नाही.”

“मग आता तरी लिहा.”

“आता कसं बदलणार? पंच त्यावर निवाडे देतात.”

साळूबाईने ओढ्याकाठी नवे बीळ खणले. पंजे सोलवटून निघाले. आत पाने अंथरून तिने पिलांना हाक मारली, “चला रे, घरात या.”

धाकटे पिलू तोंडाशीच थांबले. “आई, असं मोठ्याने म्हणू नकोस,” ते हळूच म्हणाले. “कुणी ऐकलं तर हसतील.”