चिंचेच्या पाटाचा सत्कार

“मी कुरकुर करतो म्हणं! त्या सुरीनं एक दिस माझ्या जागी उताणं पडून दावावं!” पाट करवादला. टोमणा मारून सुरी कवाच धारवाल्याकडं निघून गेली हुती.

भांडी बोलायची तवाची ही गोष्ट. सगुणाबाईच्या खानावळीत भाजी चिरायचा हा चिंचेचा पाट. काम झालं की त्याला बादलीत बुडवायचे अन् वलाच उन्हात फेकायचे. लाकूड सुकून मधोमध चीर पडली. आणखी बोटभर फाटला, तर रवानगी थेट चुलीत! म्हून तो महिनाभर तेल मागत हुता.

“आलं ध्यानात,” खोबरेलाची बुधली म्हणाली. “आपण पाटाचा सत्कार करू!”

अन् केला की! परात अध्यक्ष झाली. पाटाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पळीनं त्याच्या त्यागावर लांबलचक भाषण ठोकलं. बुधलीला तर गहिवरून आलं, “पाटदादा हायत म्हून आपली खानावळ हाय!” सगळ्यांनी टाळ्या कुटल्या. त्या दणक्यानं चीर गव्हाएवढी पुढं सरकली.

“पाटदादा, दोन शब्द बोला,” परात म्हणाली.

पाटाचं टाळकंच सरकलं. “बोलतो की! ए बुधले, तू गळ्यापातूर भरलीयास अन् मला कोरडी हळद लावतीस व्हय? रडं आवर. ही माळ काढ, बूच उपट अन् वाटीभर तेल वत माझ्या अंगावर. आत्ताच्या आत्ता!”