निंबाईची गोल पंगत

पाहुणे, चपला तिकडे काढा आणि आधी हे दगडी कडं डोळे भरून पाहून घ्या. सगळं अंगण वेढलंय त्यानं. ह्यातला पहिला दगड कुठला, ते शोधायला भलेभले येऊन गेले, कुणाला सापडला नाही. कडं का घातलं, ते आमचे म्हातारे असं सांगायचे.

निंबाईच्या देवळाच्या पायऱ्या वडारांनी घडवल्या. त्यांतलीच एक यल्लव्वा, माळावरच्या पालात राहणारी. देवीच्या भंडाऱ्याला वडारांची पंगत सगळ्यांत शेवटी बसायची आणि त्यांच्या पानात आमटी म्हणून नुसतं पिवळं पाणी पडायचं. सासू म्हणायची, "आमटी तळाला गेली की असंच व्हायचं. गप गिळ." तीन वर्षं यल्लव्वानं गप गिळलं. चौथ्या वर्षी, भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी, स्वतःच्या चुलीवरची डाळ ढवळताना तिचा हात एकदम थांबला. अगं बाई! डाळ तर तळाशी बसते. मग शेवटच्या पंगतीला घट्ट यायला हवी! म्हणजे हे कमी पडणं नव्हे, कुणीतरी मुद्दाम करतंय. तिच्या अंगाची म्हणे लाही लाही झाली.

ती उठली ती थेट सखोबा आचाऱ्याकडे गेली. म्हातारा तिच्या नजरेला नजर देईना. "तुमच्या पंगतीला वाढायच्या आधी दोन हंडे पाणी ओततो मी. पाटलांचा हुकूम आहे, पोरी." एवढं बोलून तो रडला, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी पंगतीत यल्लव्वानं आपली पत्रावळ पालथी घातली. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं आणि आपलीही घातली. बघता बघता वडारांची अख्खी पंगत पालथी! पाटील तणतणत आले. "शेवटी कमी पडणारच. माजलात काय?"

"पाटील, डाळ वर तरंगते का हो?" यल्लव्वानं विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं आणि पाटील आणखीच भडकले. "उद्या पालं उचला! खाण बंद तुम्हाला!"  यल्लव्वाच्या मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू, जायचं कुठे? पण ती जागची हलली नाही. तेवढ्यात सखोबानं ओगराळं खाली ठेवलं. "पाणी मीच ओतत आलो, ह्यांच्या हुकमानं. आज ओतणार नाही."

गावातल्या बायकांचा नवसाचा उपास शेवटची पंगत उठल्यावरच सुटायचा. पाटलांची बायको पुढे झाली, यल्लव्वाला खेटून बसली आणि तिनं आपलं पान पालथं घातलं. "हिचं पान सरळ होईतो माझा उपास सुटत नाही," ती म्हणाली. मग काय विचारता! गावच्या साऱ्या बायका तिच्यामागे येऊन बसल्या.

पाटलांचा नाइलाज झाला. त्यांनी स्वतः कढईच्या तळापासून घट्ट आमटी काढून वडारांना वाढली. वाढता वाढता खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या साली पहिली पंगत तुमची."

"पहिली नको," यल्लव्वा म्हणाली. "मग शेवटी दुसरं कुणी बसेल."

आणि वडारांनी आठ दिवसांत हे कडं घातलं.

आजही सगळा गाव ह्या कड्यावर एकदमच जेवायला बसतो. कुणाला उणं वाढलं तर त्यानं पान पालथं घालायचं आणि बाकीच्यांनी हात थांबवायचे. मागच्या साली एका फुगेवालीनं घातलं होतं. आमदारांचा घास हातातच राहिला.