सुळाची ओवाळणी

एका राज्यात भिवा बेलदाराला विहीर खणताना सोन्याचा हंडा सापडला. घरी न नेता त्याने तो सरळ दरबारात नेऊन ठेवला, हीच त्याची चूक झाली. हंडा शापित होता. जो त्याला हात लावील त्याला तीन दिवसांत तीन शिक्षा: पहिल्या दिवशी हत्तीच्या पायी, वाचला तर दुसऱ्या दिवशी कडेलोट, त्यातूनही वाचला तर तिसऱ्या दिवशी सूळ. रणधवल राजाच्या पणजोबांचाच तसा हुकूम होता.

भिवाची बायको तानई. ती विहिरीवर जाऊन रडत बसली. विहिरीच्या काठावरची साळुंकी म्हणाली,

"बाई, रडतेस काय? हत्ती, कडा नि सूळ मुळात सख्खे भाऊ. या सोन्यापायी त्यांनी खोटी साक्ष दिली, एक निरपराध जिवानिशी गेला. जाताना शाप देऊन गेला, 'हत्ती, कडा नि सूळ होऊन आता तुम्हीच मारत बसा. कोणी बहीण होऊन ओवाळील आणि तिघेही ओवाळणी घालतील, तेव्हाच सुटाल.'"

"ओवाळणी काय मागू?"

"वेडीच आहेस. नवरा माग!"

पहिल्या दिवशी तानईने हत्तीला कुंकू लावून ओवाळलं. "दादा, माझा नवरा दे." हत्तीने भिवावर उचललेला पाय बाजूला ठेवला. "दिला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने पदराआड ज्योत धरून कड्याला ओवाळलं. शिपाई हसले, "धोंड्याला ओवाळते बघा!" भिवाला ढकललं, तोच कड्याने एक कातळ पुढे केला. भिवा त्यावर अलगद बसला.

तिसऱ्या दिवशी निरांजनातलं तूप संपलं. घरात थेंब नाही. तिकडे भिवाला बेड्या घालून आणत होते. तानई रिकामं निरांजन घेऊन सुळाकडे धावली. सूळ अंगात सहज शिरावा म्हणून जल्लाद रीतीप्रमाणे टोकाला तूप चोपडत होता. तिने ते बोटाने निपटलं आणि वात भिजवली.

"ए बाई, सरकारी तूप आहे ते!"

"माझ्या भावाच्या घरचं आहे," तानई म्हणाली आणि तिने ओवाळलं.

सूळ थरथरला. "ताई, नवरा तुझा तुला." आणि सुळाच्या जागी एक म्हातारा उभा राहिला. हत्तीखान्यातून दुसरा आला, कड्यावरून तिसरा.

राजा म्हणाला, "आता शिक्षा कशी देऊ?"

थोरला म्हणाला, "आधी गुन्हा सांगा, महाराज."

राजाने हंडा मागवला. शाप उरलाय का ते बघायला त्याने स्वतःच हंड्यात हात घातला. काही झालं नाही.

तानईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बेडीशी झटत होती. "महाराज, किल्ली कुणापाशी आहे? तीन दिवसांचा उपाशी आहे हो तो."

राजाने खाली बसून बेडी स्वतः काढली. हुकूम मोडला, शाप फिटला, आणि तिघे म्हातारे भिवाला मध्ये घेऊन बहिणीकडे जेवायला गेले.